मैनेचं ऑपरेशन आणि आमचे खालचे

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या खालच्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. जिल्ह्याबाहेर कुणी असलाच, तर त्या बिचाऱ्याचं कसं होत असेल याचीही काळजी खालचेच करतील. खालचे म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांना आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, दर महिन्याला वीजबिलावर ते छापूनही येतं. पण इतक्या वर्षांत आमच्या घरात त्यांना ‘खालचे’ याखेरीज कुणी काही म्हटलेलं नाही. आता दारात येऊन कुणी त्यांचं खरं नाव विचारलं तर ‘इथं असं कुणी राहत नाही’ असं मी सांगून मोकळी होईन. मी शाळेत मास्तरीण होते, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, मान वर करून ते ‘बाई, जरा इचारायचं हुतं’ म्हणाले की मी आधी गॅस बंद करते. त्यांचं विचारणं भाजी करपल्याशिवाय संपत नाही, हा अनुभव आहे.

नळाला पाणी यायच्या दिवशी ते येतं की नाही याची काळजी सगळ्यांनाच असते, पण पाणी आल्यावर ते जाईल याची काळजी करत भरायचं विसरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गावाला जायचं झालं की ते कुलूप लावतात आणि ओढून बघतात. मग कारभारणीला ओढायला लावतात. मग ‘तुमचा हात जरा लावा’ म्हणून मला वरून खाली बोलावतात. एकदा अक्कलकोटला निघाले असताना त्यांनी कुलूप इतकं जीव तोडून ओढलं की कडीच चौकटीतून निघून हातात आली. जाणं रद्द झालं, सुतार बोलवावा लागला, कारभारीण पिशवी घेऊन तशीच पायरीवर बसली. खालच्यांच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षेत पहिला आल्यासारखं समाधान होतं. ‘बगा बाई,’ ते म्हणाले, ‘मी म्हणत न्हवतो का, कडी कच्ची हाय म्हणून?’

त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण या माणसाला पगारच त्या कामाचा मिळतो. टॉवेलच्या कारखान्यात ते माल तपासायला आहेत. यंत्रावरून आलेला टॉवेल उजेडावर धरायचा, कुठं धागा सुटलाय, कुठं कड ढिली पडलीय ते शोधायचं आणि तो बाजूला काढायचा. उभा जन्म हेच केल्यावर माणसाला जगात चांगलं काय आहे ते दिसावं कसं? एका लग्नात नवरी पाया पडायला वाकली, तर आशीर्वाद द्यायच्या आधी यांनी तिच्या शालूचा पदर चिमटीत धरून ‘हितं एक तार तुटलीय’ असं सांगितलं. माझ्या भाचीचं तान्हं बाळ बघायला आले, तर त्याला खिडकीशी नेऊन उजेडावर धरलं, कानामागून, तळव्यावरून निरखून पाहिलं आणि मगच पेढा तोंडात टाकला. कारभारणीचा स्वभाव नेमका उलटा. घराला आग लागली तर ती आधी चुलीवरचं दूध उतरवून ठेवील आणि मग कुणाला तरी हाक मारील. एकाच घरात दोघं काळजी करणारी असती तर मी जागा कधीच खाली करून घेतली असती.

त्यांच्याकडे मैना आली ती दुधनीकडून. खालचे मूळचे तिकडचे, मेंढपाळाच्या घरातले. थोरला भाऊ अजूनही मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडतो. एकदा भावाला भेटायला गेलेले खालचे परत आले ते खांद्यावरच्या टॉवेलात कुत्र्याचं तपकिरी रंगाचं एक पिल्लू गुंडाळून. भावाने बळेच गळ्यात घातलं होतं. ‘घर राखंल,’ असं भाऊ म्हणाला होता म्हणे. प्रत्यक्षात त्या दिवसापासून घरच तिला राखत बसलं. मैना शिंकली की खालचे जिन्यापाशी. मैना जेवली नाही की जिन्यापाशी, आणि जेवली की ‘आज जरा जास्तच खाल्लं, बादंल का?’ म्हणून पुन्हा जिन्यापाशी. उन्हाळ्यात इथं भिंतीसुद्धा तापतात. तेव्हा ते फरशीवर पोतं ओलं करून तिला त्यावर निजवीत, घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून लावीत आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसत. कारभारीण म्हणायची, माझ्या बाळंतपणात हा पंखा कुठं होता ते विचारा की यांना.

इथपर्यंतची काळजी निव्वळ हौसेची होती. मैनेला पिल्लं झाली तेव्हा मात्र ती खरी झाली. चांगली गुटगुटीत पिल्लं झाली, पण शेवटचं अडकलं. मैना धापा टाकायला लागली, डोळे पांढरे करायला लागली. आम्ही रिक्षात घालून तिला एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मैनेला वाचवलं, ते पिल्लू वाचलं नाही. निघताना डॉक्टरांनी खालच्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की हिची हाडं आतून अरुंद आहेत, पुन्हा गाभण राहिली तर दर वेळी असं निभावेल असं नाही, तेव्हा पुढच्या वेळी माजावर यायच्या आत हिचं ऑपरेशन करून टाका. हे ऐकताना खालचे नुसती मान हलवत होते. आयुष्यभर त्यांनी नसलेल्या संकटांची काळजी केली होती. असलेलं संकट समोर आल्यावर त्यांना काही सुचेना.

बाकीची पिल्लं त्यांनी कशी दिली हे सांगायला हवं. लेकी द्याव्यात तशी दिली. मागायला आलेल्याच्या घरी आधी स्वतः जाऊन आले. अंगण आहे का, रस्ता किती लांब, घरातली म्हातारी कुत्र्यावर ओरडते का, सगळं बघितलं. एका सुखवस्तू घराला तर त्यांनी नकार दिला, कारण त्यांच्या फाटकाच्या गजांत फट मोठी होती. दिल्यावरही सुटका नाही. सणावाराला भाकरीचा तुकडा घेऊन ते प्रत्येक पिल्लाच्या घरी जाऊन येत, आणि ती माणसंही बिचारी व्याही आल्यासारखा त्यांना चहा करीत. ‘आणिक पिल्लं झाली तर मला सोलापूर पुरायचं न्हाय,’ असं ते म्हणायचे. पण ते वरवरचं होतं. पिल्लांचा घोर त्यांनी सोसला असता. मैना जाईल, हा खरा घोर होता.

मग ऑपरेशनचा शोध सुरू झाला. आधी खासगी दवाखान्यात खर्च विचारला. तो आकडा ऐकून ते घरी आले आणि बूट न काढता जिन्यावरच बसले. त्या दिवसांत कारखान्याला मागणी नव्हती, यंत्रं निम्मा आठवडा बंद असायची, पगारही निम्माच व्हायचा. मी म्हटलं, आमच्याकडून घ्या. तर म्हणाले, ‘नगं बाई. कुत्रं माजं, घोर माजा.’ कुठंतरी स्वस्तात होत असेल, असं मीच त्यांना सांगितलं, आणि तिथं माझं चुकलं. कारण त्यानंतर शहरात असा माणूस उरला नाही ज्याला त्यांनी हे विचारलं नाही.

त्यातही अडचण अशी, की मूळ शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. बायामाणसांसमोर ‘नसबंदी’ कसं म्हणायचं? माझ्यासमोर ते ‘मैनेचं त्ये काम’ म्हणत, आणि फारच औपचारिक व्हायची वेळ आली की ‘कुटुंबनियोजन’. कारखान्याच्या मालकांना त्यांनी ‘घरातल्या एकीचं कुटुंबनियोजन करायचं हाय, दोन दिवस सुटी पायजे’ असं सांगितलं. मालक तेलुगू बोलणारे सज्जन गृहस्थ. त्यांनी सुटी दिलीच, वर कारभारणीसाठी सुकामेव्याचा पुडा पाठवला. तो परत कसा करावा या काळजीत आठवडा गेला. शेवटी तो मैनेलाच चारला.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. पुढं एक म्हैस, मागं शेळ्यांचा कळप आणि मधे मैनेला छातीशी धरून खालचे. तिथले डॉक्टर माणूस चांगला होता. त्यांनी मैनेला तपासलं, पण म्हणाले, आमच्याकडं सगळी व्यवस्था गाईम्हशींची; कुत्रीचं पोट उघडायचं तर त्याची भूल वेगळी, सामान वेगळं, ते इथं नाही. अधूनमधून एखादी संस्था अगदी थोडक्या पैशांत शिबिर घेते, त्याच्यावर लक्ष ठेवा. हे सगळं ऐकून आम्ही निघायचं, तर खालच्यांचं लक्ष पुढच्या म्हशीवर. तिला ताप होता. त्यांनी तिच्या मालकाकडून सगळी हकीकत विचारून घेतली, त्याचा फोन घेतला आणि पुढं कितीतरी दिवस मैनेच्या काळजीबरोबर त्या म्हशीचीही काळजी केली. म्हैस बरी झाल्याचं मला भाजी चिरताना जिन्याखालून कळलं.

दिवस जात होते आणि शिबिराचा पत्ता नव्हता. मैना माजावर यायची वेळ जवळ येत चालली होती. गल्लीतले दोनचार कुत्रे उगीच आमच्या फाटकापाशी रेंगाळायला लागले, तसे खालचे दारात काठी घेऊन बसू लागले. कामावर जाताना कारभारणीला फाटकाची शपथ घालून जात. त्याच सुमारास ते अक्कलकोटलाही जाऊन आले. आले ते पडलेल्या चेहऱ्याने. काय झालं विचारलं तर म्हणाले, समाधीपुढं उभा राहिलो आणि बोलायला जीभ रेटेना. आजूबाजूला सगळी माणसं मूल व्हावं म्हणून नवस बोलत होती. आपण एकटेच पिल्लं होऊ नयेत म्हणून बोलायचं, हे स्वामींना आवडेल की नाही? शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला होता. ‘मैनेचं तुमाला म्हाईतच हाय’ एवढंच म्हणून नारळ ठेवला आणि परत फिरले.

नवसाचं म्हणा नाहीतर नवी पेठेतल्या एका बांगडीवालीचं म्हणा, पण शिबिर सापडलं. त्या बांगडीवालीच्या दुकानात दोन मांजरं असतात, आणि त्यांचं ऑपरेशन झालेलं आहे हे खालच्यांनी कारभारणीच्या हातात बांगड्या चढत असताना काढून घेतलं. बाईने संस्थेचा फोन दिला, मी तो लावला. शिबिर दोन दिवसांचं होतं, फी आम्हाला झेपेल अशी, त्यानंतर मंडळी दुसऱ्या गावी जाणार आणि पुन्हा कधी येणार ते नक्की नाही. आदल्या संध्याकाळपासून कुत्रीला काही खायला द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. खालच्यांनी त्या संध्याकाळपासून स्वतःही काही खाल्लं नाही. ‘तिच्यासमोर जेवू कसं?’ म्हणाले. कारभारीण शेवटी माझ्याकडे वर येऊन जेवली.

सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. रिक्षावाल्याने मैनेकडे पाहिलं आणि खालच्यांना म्हणाला, ‘चाचा, गोदी में लेके बैठो. सीट फाडी तो मालक मेरेकू फाडेगा.’ मांडीवर घ्यायला सांगायची गरजच नव्हती. शिबिर होतं एका मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये. लग्नसराई संपली होती, तरी दारावरची कमान तशीच होती, वाळलेल्या झेंडूच्या माळा लोंबत होत्या, आणि त्या कमानीखालून कुत्रीमांजरं हातात घेतलेली माणसं गंभीर चेहऱ्याने आत जात होती. मला हसू आवरेना. खालचे मात्र कमान पक्की बांधली आहे का ते बघत होते.

आमचा नंबर आला. टेबलाशी बसलेल्या मुलीने मैनेचं डोकं कुरवाळलं, डावा कान हातात घेतला आणि म्हणाली, ‘काका, हिचं झालेलं आहे.’ आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. ती मैनेच्या कानाच्या कडेला असलेली खाच दाखवत होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं ऑपरेशन झालं की ओळखू यावं म्हणून त्यांच्या कानाला अशी खाच पाडतात, हे मला तिथं कळलं. खालच्यांना मात्र ती खाच चांगली माहीत होती. ती त्यांच्या घराण्याची खूण. रानात चार घरांची मेंढरं एकत्र चरतात, मिसळतात. म्हणून प्रत्येक घर आपल्या कोकरांचा कान आपल्या पद्धतीने कापतं. भावाने पिल्लू देताना, आपल्या घरचं आहे, म्हणून हौसेने त्याचाही कान कापून दिला होता. हे सगळं त्या मुलीला एका वाक्यात सांगायचं होतं. पण उपाशीपोटी, माणसांच्या गर्दीत, खालच्यांच्या तोंडून ‘ती... आमची... मेंढरं...’ यापलीकडे काही निघेना.

मग मी पुढे झाले. हिला पिल्लं झालीत, तीही अलीकडे, हे मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. डॉक्टर बाहेर आल्या. तरुण मुलगी, डोळे झोपेने लाल झालेले, पण बोलणं शांत. त्या म्हणाल्या, पिल्लं झाल्यानंतर कुणी उचलून नेऊन केलं असेल तर? कुत्री मधे कधी हरवली होती का? आणि खरं सांगायचं तर दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून मैना पळाली होती, चांगली दोन दिवस बेपत्ता होती. पोटावर एक ओरखडाही होता, तारेचा. डॉक्टरांनी तो बोटाने चाचपला आणि मान हलवली. झालेलं असेल तर उगीच पोट उघडायचं, आत नसलेलं शोधत बसायचं, हे तिच्या जिवाला बरं नाही. नक्की माहीत नसताना मी सुरी लावणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि खालच्यांकडे पाहिलं, तर त्यांचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास उरलेला नव्हता. ‘बाई, झालं आसंल का वो?’ त्यांनी मला हळूच विचारलं. दोन दिवसांत मैना कुठं होती ते त्यांनी बघितलं नव्हतं, आणि न बघितलेल्या मालावर ते शिक्का मारत नाहीत.

परतीच्या रिक्षात खालच्यांनी मला त्या खुणेची सगळी हकीकत सांगितली. घरी आल्यावर मैनेने भाकरी खाल्ली, खालच्यांनी खाल्ली नाही. मी सांगितलं, भावाला मेंढीच्या कानाचा फोटो पाठवायला सांगा. एक तर भावाचा फोन बटणांचा, आणि दुसरं म्हणजे खालच्यांना ते पटलं नाही. ‘फोटुत बघून कापड कोण घेतंय? हातात धरून बघावं लागतं,’ असं म्हणून ते फोन घेऊन गच्चीवर गेले. रेंज मिळेपर्यंत त्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं. ते भावाला सांगत होते, ‘तू येताना एक मेंढरू घिऊन ये. खुणंचं.’ मला वाटलं, ताणाने माणूस कामातून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं तर समोर कांद्याचा टेम्पो उभा, आणि त्यातून पांढरं पागोटं बांधलेला, उंच, वाळका माणूस एका मेंढीला उतरवून घेत होता. हा भाऊ. त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. घराण्याची सगळी काळजी धाकट्याच्या वाट्याला गेली असावी. तो माणसांशी मराठी बोलायचा आणि मेंढीशी कानडी. मेंढीने माझी जास्वंद अर्धी संपवली तेव्हा त्याने तिला ‘सुम्निरु’ म्हणून दटावलं आणि मला म्हणाला, ‘खाऊ द्या की, लई लांबनं आलीया.’ एरवी मी त्या दोघांनाही फाटकाबाहेर काढलं असतं. पण मैनेने त्या माणसाला ओळखलं होतं. ती त्याच्या पायांत घोटाळत होती, आणि खालचे भावाकडे असं बघत होते की मला जास्वंदीचं काही बोलवेना.

मंगल कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. मेंढ्यांचं ऑपरेशन इथं होत नाही, असं तो सांगायला लागला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आणि तिथं आमचे खालचे, ज्यांना कालपर्यंत एक शब्द धड उच्चारता येत नव्हता, ते त्या सगळ्या बायाबापड्यांसमोर मोठ्याने म्हणाले, ‘नसबंदी मेंढीची न्हाय, कुत्रीची हाय. मेंढी साक्षीला आणलीया.’ आतून डॉक्टर बाहेर आल्या. भावाने मेंढीला गुडघ्यांत धरलं आणि तिचा डावा कान वर केला. खालच्यांनी मैनेचा डावा कान त्याच्या शेजारी धरला. दोन्ही कानांना खालच्या कडेला तीच तिरकी खाच. डॉक्टरांनी दोन्ही कान आळीपाळीने बघितले. आमच्या माणसांनी पाडलेली खाच टोकाला असते, ही वेगळी आहे, हे काल मी नीट पाहायला हवं होतं, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या. मग त्यांना जे हसू आलं ते थांबेना, आणि त्यांनी हसतच मैनेचं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

मैनेला आत नेलं. तिथून पुढचा वेळ मी विसरणार नाही. लग्नात पाहुण्यांसाठी मांडतात त्या लाल खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो. काळजी हा साथीचा रोग आहे, हे मला त्या दिवशी पटलं. खालचे विचारत होते, भूल जास्त झाली तर? कमी झाली तर? आतली बाई नवी आहे का? वीज गेली तर? दर प्रश्नाला मी उत्तर देत होते आणि दर उत्तरानंतर मीच शेडच्या दारापर्यंत जाऊन येत होते. भाऊ झाडाखाली मेंढीला टेकून झोपला होता. मधेच आतून कुणीतरी पळत बाहेर आलं आणि पळत आत गेलं. खालच्यांनी माझा हात धरला. त्यांनी याआधी माझा हात कधी धरला नव्हता, आणि तो त्यांनी धरला आहे हे त्यांना कळलंही नसावं. पळालेला माणूस चहा सांगायला गेला होता, हे पुढं कळलं.

मैना सुखरूप बाहेर आली. जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे, पोटाला पट्टी. खालच्यांनी तिला कारखान्याच्या नव्याकोऱ्या टॉवेलात घेतलं. टाके सुकेपर्यंत त्यांनी तिला जमिनीवर पाय टेकू दिला नाही, असं म्हटलं तरी चालेल. सगळं नीट झालं. फाटकापाशी रेंगाळणारे कुत्रे दुसऱ्या गल्लीत गेले, काठी कोपऱ्यात गेली आणि बरेच दिवस जिन्याखालून हाक आली नाही. मला, खोटं कशाला बोलू, चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एक दिवस माझी चप्पल हरवली. एकच, डाव्या पायाची. दूधवाल्यापासून सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर मी खाली गेले, तर खाटेखाली मैना अंगाचं वेटोळं करून पडलेली, आणि त्या वेटोळ्यात माझी चप्पल. ती तिला चाटत होती. मी हात पुढे केला तर गुरगुरली. एवढ्या दिवसांत मैना माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती. मी रागाने काही बोलणार, तेवढ्यात खालचे आतून आले. आवाज अगदी बारीक करून म्हणाले, ‘बाई, ऱ्हाऊ द्या की. लेकरू समजून बसलीया.’ त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. कधीकधी ऑपरेशननंतर होतं असं, शरीराला अजून कळलेलं नसतं, काही दिवसांत आपोआप जातं, तोवर हिसकावून घेऊ नका, असं त्या म्हणाल्या होत्या.

आम्ही दोघं खाटेपाशी उभे होतो. खालच्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं. मग म्हणाले, ‘सगळ्यास्नी इचारलं बगा मी. मालकास्नी इचारलं, डाक्टरास्नी इचारलं, सामींच्या म्होरं जाऊन आलो. हिलाच तेवढं कुणी इचारलं न्हाय.’

मी म्हटलं, ‘अहो, विचारत बसला असता तर ती आज नसती.’

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘ते बी खरंच हाय.’ आणि जमिनीवर बसले. एरवी त्यांच्या दर काळजीवर माझ्याकडे काहीतरी उत्तर असतं आणि त्यावर त्यांची पुढची शंका तयार असते. त्या दिवशी त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि मला ते फार जड गेलं.

मी अनवाणीच वर आले. उरलेली चप्पल दाराशी होती. ती टाकून द्यायला उचलली आणि हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझा मुलगा लांब असतो, एकुलता एक आहे. फोन यायला उशीर झाला की मी काय करते ते माझं मला ठाऊक आहे. एकच असलं की जीव फार अडकतो. मी पुन्हा खाली गेले, खाटेपाशी वाकले आणि दुसरी चप्पल मैनेला दिसेल अशी ठेवली. या वेळी ती गुरगुरली नाही. तिने ती हळूच ओढून घेतली आणि पोटाशी धरली.